समुद्रावर सोबत कोण होते?

"हिवाळ्यात समुद्रात जाता? आणि तेही वादळी वाऱ्यात? तुम्हाला वेड तर लागले नाही ना?" गावाकडून फोन आला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न विचारणाऱ्यांचे काही चुकत नाही. आमच्यापैकी एकाचे गाव रत्नागिरीकडचे, तर एकीचे माहेर अकोल्याचे. रत्नागिरीकडे पावसाळ्यात दर्या खवळला की होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर झापा टाकतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी पाण्याकडे फिरकत नाही. अकोल्याकडे तर समुद्र फक्त नकाशात. अशा दोन घरची आम्ही नवरा-बायको इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जानेवारी-फेब्रुवारीच्या वाऱ्यात शिडाची फळी घेऊन पाण्यात उतरतो, हे आमचे आम्हालाही कधी कधी खरे वाटत नाही.

या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. अडीच मीटरच्या आसपास लांबीची एक फळी, तिच्यावर एक डोलकाठी आणि डोलकाठीला शीड. होडीच्या आणि या फळीच्या डोलकाठीत फरक एवढाच की होडीची काठी घट्ट रोवलेली असते, तर इथे ती खाली एका रबरी सांध्यावर बसवलेली असते आणि चारी बाजूंना कलते. शिडाच्या दोन्ही अंगांनी एक वाकडा दांडा असतो, तो हातांनी धरायचा. सुकाणू नाही. शीड पुढे कलवले की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे वळते. म्हणजे डोलकाठीला धरून ठेवणारा दोर म्हणजे आपले हात आणि सुकाणू म्हणजे आपले अंग!

आम्ही २०११ साली पोर्टस्मथला राहायला आलो. तिथून जवळच हेलिंग नावाचे बेट आहे. लँगस्टनचा पूल ओलांडला की बेटावर जाता येते. दक्षिणेकडे लांबच लांब किनारा, वाळू कमी आणि गोटेच जास्त. या बेटाचे नाव या खेळाच्या इतिहासात आहे, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ साली इथेच एका फळीला शीड जोडून पाण्यावर फेऱ्या मारल्या होत्या. पुढे अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६४ साली शिडाची फळी तयार केली. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांना १९७० साली तिथले पेटंट मिळाले. ब्रिटनमधल्या पेटंटाचे प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा बारा वर्षांच्या पोराचा तो खेळ पुरावा म्हणून पुढे आला आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ते पेटंट टिकत नाही असा निकाल दिला. एवढी मोठी कंपनी, आणि तिच्यासमोर उभी राहिली एका पोराने सुट्टीत जुळवलेली फळी! १९८४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि १९९२ पासून स्त्रियांचीही वेगळी स्पर्धा सुरू झाली.

आम्हाला हा नाद लावला तो शेजारच्या एका म्हाताऱ्या इंग्रज सुताराने. आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून ते फार खूश असतात. उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला गुडघाभर पाण्यात उभे करून शिकवले. हळूहळू आमची मंडळी जमली. दादा बस चालवतात, नाशिककडचे, आमच्याहून दहा वर्षांनी वडील. ताई इस्पितळात परिचारिका आहेत. शेवटी आला तो धाकटा, शिकायला आलेला साताऱ्याकडचा मुलगा. गावच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेला, त्यामुळे पाण्याची भीती त्याला आमच्यापेक्षा कमी. अशी आम्ही पाच माणसे. शनिवारी सुट्टी जुळली की दादांच्या जुन्या व्हॅनमध्ये फळ्या टाकायच्या, थर्मासमध्ये चहा, डब्यात मेथीचे लाडू, आणि निघायचे.

वाचकांपैकी कोणी विचारील, मग उन्हाळ्यात खेळा की, हिवाळा कशाला? त्याचे उत्तर वाऱ्यात आहे. इंग्लंडात उन्हाळ्यात वारा बहुधा मंद असतो. हिवाळ्यात उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्यातला फरक वाढतो, त्यामुळे अटलांटिक महासागरावर कमी दाबाचे पट्टे एकामागून एक तयार होतात आणि नैर्ऋत्येकडून जोरदार वारे घेऊन येतात. त्यातल्या मोठ्या वादळांना २०१५ पासून तिथले हवामान खाते माणसांसारखी नावे देते. फळी खऱ्या अर्थाने पाण्यावरून उडते ती अशाच वाऱ्यात.

पण वाऱ्याचा हिशेब सरळ नसतो. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यातून थंड हवा उबदार हवेपेक्षा घन असते, म्हणून तोच वारा हिवाळ्यात अधिक जोराने ढकलतो. उन्हाळ्यात सात चौरस मीटरचे शीड लागते, तिथे वादळात चार मीटरचेही भारी पडते. पाणी तर फेब्रुवारीत आठ अंशांच्या आसपास असते. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीसपट वेगाने ओढून घेते. म्हणून पाच मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख, पायांत रबरी बूट, डोक्याला रबरी टोपरे असा सगळा जामानिमा करावा लागतो. पंचाईत होते ती हातांची. जाड मोजे घातले तर दांडा नीट धरता येत नाही आणि मनगटाच्या वरचा भाग दगडासारखा होतो. मोजे नाही घातले तर दहा मिनिटांत बोटे आपली राहत नाहीत. पाण्याबाहेर आल्यावर ती बोटे पुन्हा जागी होऊ लागतात, तेव्हाच्या कळा ज्याने सोसल्या त्यालाच माहीत. दादांसारखा धिप्पाड माणूस व्हॅनमागे उभा राहून डोळ्यांतून पाणी काढताना आम्ही पाहिला आहे.

आणि तरीही माणूस पुन्हा जातो! एकदा वाऱ्याने फळी उचलली, की खालचे पाणी टणक होते, कानांत वारा सोडून दुसरे काही उरत नाही. बसच्या पाळ्या, घरभाडे, गावाकडचे कर्ज, व्हिसाची तारीख, सगळे किनाऱ्यावर राहते. आठवडाभर दुसऱ्यांच्या हुकुमाने चालणाऱ्या माणसाला दोन तास फक्त वाऱ्याचा हुकूम पाळायचा, यात केवढे सुख आहे! असो. सुखाचे वर्णन करण्यासाठी हा लेख लिहायला घेतलेला नाही. एका शनिवारी आमच्या हातून जी चूक झाली, ती सांगण्यासाठी घेतला आहे.

फेब्रुवारी २०१९ मधली गोष्ट. शुक्रवारी एरिक नावाचे वादळ ब्रिटनवर आले होते आणि शनिवारीही वारा पडला नव्हता. सकाळी आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा व्हॅनचे दार उघडायला दोन माणसे लागली. समुद्र पांढरा झालेला. गोट्यांवर लाटा आपटत होत्या आणि परत जाताना हजारो गोटे खडखडत ओढून नेत होत्या. वाऱ्याचा वेग तीस नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वर, मध्येच त्याहून मोठे झोत.

धाकट्याने समुद्राकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "दादा, आज राहू द्या. मी किनाऱ्यावर थांबतो."

त्यावर आम्ही हसलो. "काय रे, विहिरीतला पाणबुड्या घाबरला का?" असे आमच्या दोघांपैकी एकाने म्हटले. कोणी म्हटले ते इथे सांगत नाही, कारण दुसरेही त्यात मोठ्याने हसले होते. दादाही हसले. ताई तेवढ्या म्हणाल्या, "नको म्हणतोय तर राहू द्या ना त्याला." पण त्या दिवशी खोकल्यामुळे त्या स्वतः पाण्यात उतरणार नव्हत्या, त्यामुळे त्यांचे बोलणे आम्ही मनावर घेतले नाही.

धाकटा ओशाळला. त्याच्याकडे एवढ्या वाऱ्याचे लहान शीड नव्हते. दादांनी मोठ्या मनाने आपले चार मीटरचे नवे शीड त्याला दिले. ते शीड घेण्यासाठी दादांनी तीन महिने जादा पाळ्या केल्या होत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. दादांनी स्वतः जुने, ठिगळ लावलेले शीड घेतले.

दुपारपर्यंत सगळे छान चालले. मध्ये बाहेर येऊन लाडू खाल्ले, चहा घेतला, धाकट्याचीही भीती गेलेली दिसली. उलट आम्हीच त्याला म्हणालो, "बघ, उगाच घाबरत होतास." भरती पूर्ण होऊन ओहोटी लागली, तरी कोणी घड्याळ पाहिले नाही. चार वाजून गेले तेव्हा आमचे दोघांचे हात बधिर झाले म्हणून आम्ही बाहेर आलो. ताईंनी चहा पुढे केला आणि सवयीने पाण्यावरची शिडे मोजली. एकच शीड दिसत होते. ते दादांचे.

ताई म्हणाल्या, "धाकटा कुठे आहे?"

तो प्रश्न आजही कानात आहे. आम्ही पूर्वेकडे पाहिले. लाटांच्या मध्ये एक काळा ठिपका दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. पुढे समजले ते असे. डोलकाठीखालचा रबरी सांधा झोताने तुटला होता. फळी एकीकडे, शीड दुसरीकडे. ते दोन्ही त्याने एका हाताने एक असे धरून ठेवले होते.

आता त्या किनाऱ्याची रचना सांगितली पाहिजे. किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा होता. म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणारी वस्तू किनाऱ्याच्या कडेकडेने पूर्वेला जाते आणि हळूहळू जमिनीकडे येते. नुसत्या फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारले, तर माणूस दहा-पंधरा मिनिटांत किनाऱ्याला लागावा. पण बेटाच्या पूर्व टोकाला चिचेस्टर बंदराचे तोंड आहे. ओहोटीच्या वेळी त्या सबंध बंदरातले पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावते. बाहेर वाळूचा उथळ पट्टा आहे, तिथे वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून भिडते आणि लाटा उभ्या राहून फुटतात. जो त्या तोंडापाशी गेला त्याला पाणी बाहेर नेणार. धाकटा त्याच दिशेने चालला होता. पाण्यात बुडालेले शीड लंगरासारखे ओढ घेत होते, त्यामुळे वारा त्याला जमिनीकडे आणू शकत नव्हता.

ताईंनी एका क्षणाचाही वेळ घालवला नाही. ९९९ फिरवून त्यांनी तटरक्षक दल मागितले. कोणता किनारा, किती माणसे, कोणत्या दिशेला वाहत आहे, अंगावर काय आहे, सगळे इस्पितळातल्या नोंदीसारखे शांतपणे सांगितले. आम्हा दोघांना म्हणाल्या, "तुम्ही पळा. त्याच्यावरून नजर काढू नका. एकाने बोट रोखून ठेवा." लाटांत माणसाचे डोके एकदा नजरेआड झाले की पुन्हा सापडत नाही, हे आम्हाला आजोबांनी शिकवले होते. रबरी बुटांनी गोट्यांवरून आम्ही धावत सुटलो. एकाने पायाखाली पाहायचे, एकाने समुद्राकडे. एवढी वर्षे संसार केला, पण एकमेकांचा हात इतका घट्ट कधी धरला नव्हता.

दादांच्या लक्षात आले होते. जुन्या शिडावर ते वाऱ्याबरोबर त्याच्याकडे निघाले. दोनदा पडले, दोनदा उठले. त्याच्याजवळ पोहोचल्यावर त्यांनी जी हाक मारली, ती वाऱ्याने फाटूनसुद्धा आमच्यापर्यंत आली.

"सोड ते शीड!"

त्याने सोडले नाही. तो काही तरी ओरडला, ते आम्हाला ऐकू आले नाही. दादा वळसा घालून पुन्हा त्याच्याजवळून गेले. "अरे, सोड म्हणतो ना! शीड माझं आहे, मी सांगतो, सोड!"

तेव्हा कुठे त्याने शीड सोडले. फळीवर पालथा पडला आणि हात मारू लागला. दादा त्याला ओढून आणू शकत नव्हते, वाऱ्यात ते शक्यच नसते. पण ते त्याच्याभोवती फेऱ्या घालत राहिले, लांब गेले की वळून परत आले. आम्ही किनाऱ्यावरून हात हलवून दिशा दाखवत होतो. बंदराच्या तोंडाच्या अलीकडे, उजेड उतरू लागला असताना, तो गोट्यांना लागला. लाटेने त्याला एकदा आपटले, परत ओढले, आणि मग आमच्या हाताला त्याचा पोशाख लागला.

ताईंनी ताबडतोब पुन्हा फोन करून माणूस सुखरूप असल्याचे कळवले आणि उगाच त्रास दिला म्हणून माफी मागू लागल्या. पलीकडून शांतपणे उत्तर आले की वेळेवर फोन केला हेच योग्य होते, पुढेही असेच करा.

धाकटा थरथरत होता, शब्द तोंडातून धड निघत नव्हते. ताईंनी त्याला व्हॅनच्या आडोशाला घेतले, ओला पोशाख उतरवला, कोरडे कपडे, घोंगडी, टोपी घातली आणि गोड चहा घोट घोट पाजला. आम्ही त्याचे हातपाय चोळायला गेलो तर त्यांनी दटावले, "चोळू नका, नुसते गुंडाळून ठेवा." गारठलेल्या माणसाचे अंग चोळायचे नसते आणि त्याला दारूही पाजायची नसते. असे केल्याने फायदा होत नाही, अपायच होतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

बऱ्याच वेळाने त्याला नीट बोलता आले. पहिले वाक्य काय असावे? "दादा, तुमचं शीड गेलं."

आम्ही विचारले, "अरे, इतका वेळ ते धरून का बसलास?"

तो म्हणाला, "तीन महिन्यांच्या पाळ्या होत्या त्यात. मी काय तोंड दाखवलं असतं?"

दादा काही बोलले नाहीत. व्हॅनच्या मागच्या दारात बसले होते, ते उठून लांब गेले आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "तू घरी आला नसतास तर मी काय तोंड दाखवलं असतं, त्याचा विचार केलास का?" मग दोघेही रडले आणि आम्हीही रडलो.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. सांधा तुटला हा अपघात खरा. पण त्या आधीच्या गोष्टींना अपघात म्हणता येत नाही. सकाळी ज्याने "राहू द्या" म्हटले, त्याला आम्ही हसून पाण्यात ढकलले होते. घाबरणारा तो नव्हता, समुद्र नीट पाहणारा आमच्यात तोच एक होता. आपल्या माणसांची थट्टा नको म्हणून तो उतरला आणि आपल्या माणसाचे नुकसान नको म्हणून तो बुडता बुडता वाचला. परमुलखात चार माणसे जोडलेल्या पोराला त्या चार माणसांपुढे कमीपणा नको असतो. हे आम्हाला कळायला हवे होते. आम्हीही एके काळी नवखेच होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी तो आमच्याकडे जेवायला आला असतानाच साताऱ्याहून त्याच्या आईचा फोन आला. सांगावे की न सांगावे यावर आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. त्याने स्वतःच सगळे सांगून टाकले. फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. आम्हाला वाटले, आता रडणे ऐकू येणार, आम्हाला बोल लागणार.

आई एवढेच म्हणाल्या, "सोबत कोण होतं?"

"चौघं होते, आई."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

आमच्या माना खाली गेल्या. त्या माउलीने आमच्यावर जेवढा विश्वास टाकला, तेवढ्याला आम्ही शनिवारी सकाळी लायक नव्हतो. शनिवारी संध्याकाळी कदाचित थोडे झालो असू.

त्यानंतर आम्ही काही नियम केले. पहिला नियम असा की एकाने नाही म्हटले की कारण विचारायचे नाही आणि हसायचे नाही. कोणी थांबला तर त्याला किनाऱ्याची राखण द्यायची, आणि हे काम मानाचे समजायचे. दुसरा, पाण्यात जाण्यापूर्वी ओहोटीची वेळ कागदावर लिहून व्हॅनच्या काचेला लावायची. तिसरा, प्रत्येकाने दुसऱ्याचा सांधा आणि दोर तपासायचा, स्वतःचा नव्हे, कारण स्वतःच्या वस्तूचा दोष दिसत नाही. चौथा, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर घरी बसायचे. आणि पाचवा नियम दादांचा: वस्तू कोणाचीही असो, माणसापुढे ती सोडायची. परवानगी आधीच दिलेली आहे.

ते शीड पुन्हा सापडले नाही. दादांनी त्याचा विषय कधी काढला नाही. आम्ही चौघांनी पैसे जमवून त्यांना जुन्या बाजारातले एक शीड आणून दिले, तेव्हा "कशाला एवढं?" म्हणत त्यांनी ते तीनदा परत केले आणि चौथ्यांदा घेतले. धाकटा पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पाण्यात उतरला. त्या आधी महिनाभर तो किनाऱ्यावरच उभा राहून शिडे मोजत असे, आणि कोणी काही म्हणाले नाही.

वाचकहो, तुमच्या घरातली मुले समुद्रावर जाणार नाहीत कदाचित. पण तलावावर, धरणावर, नदीवर, सहलीला नक्की जातील. त्यांना पोहायला शिकवाच. अचानक थंड पाण्यात पडले तर पहिली दोन मिनिटे धडपड न करता उताणे तरंगावे, श्वास ताळ्यावर येऊ द्यावा, हेही शिकवा. आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवा. आपल्या टोळीतला एखादा "आज नको" म्हणाला, तर त्याला भित्रा म्हणू नये. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे आणि त्याला काय दिसते आहे ते आपणही पाहावे.

आमचा नाद सुटलेला नाही. फेब्रुवारीचा वारा सुटला की आजही हात शिवशिवतात, आणि गावाकडून प्रश्न येतो तो येतोच. आता आम्ही त्याचे उत्तर देत बसत नाही. "सोबत कोण आहे?" असे विचारा, म्हणतो. त्याचे उत्तर मात्र आमच्याकडे तयार असते.